दत्तक आलेल्या मुलासाठी थेरपी शोधताना

आमचा मुलगा घरी आला तेव्हा तीन वर्षं चार महिन्यांचा होता. पहिल्याच आठवड्यात सिलिंडर द्यायला आलेल्या माणसाचं बोट धरून तो जिना उतरून खाली गेला. मागे वळून एकदाही पाहिलं नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "किती गुणी पोर, कुणाकडेही जातं!" मलाही ते कौतुकच वाटलं. दोन दिवसांनी तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर आपटला. कपाळाला टेंगूळ आलं, पण तो रडला नाही आणि माझ्याकडेही आला नाही. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याच रात्री त्याच्या उशीखाली पोळीचे तुकडे सापडले.

या तीन गोष्टी एकाच दोऱ्यात ओवलेल्या आहेत हे कळायला मला आठ महिने लागले आणि योग्य माणसापर्यंत पोचायला आणखी वर्ष. तुमचा तरी तेवढा वेळ वाचावा म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, सांगलीत राहणारी एक आई आहे. 'कारा'मार्फत, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणामार्फत, संस्थेतून मूल घरी आणलेल्या पालकांसाठी हे प्रामुख्याने आहे, पण भावाचं किंवा बहिणीचं मूल सांभाळणाऱ्या काका-मावश्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी एक शब्द समजून घ्या. मराठीत भावबंध म्हणा, जिव्हाळा म्हणा, दवाखान्यात सगळे 'अटॅचमेंट'च म्हणतात. तान्हं बाळ रडतं, कुणीतरी येतं, उचलतं, पाजतं. हे हजारो वेळा घडतं आणि बाळाच्या अंगात मुरतं की मी हाक मारली की माझं माणूस येतं. जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ या संशोधकांनी गेल्या शतकात या गोष्टीचा पाया घातला. संस्थेतल्या मावशी कितीही मायेच्या असल्या तरी त्यांच्या हाताखाली अनेक बाळं असतात आणि त्यांची पाळी संपली की त्या घरी जातात. मग मूल दोनपैकी एक धडा शिकतं. एक तर कुणालाच हाक मारायची नाही, नाही तर दिसेल त्याला मारायची. आमच्याकडे दोन्ही होतं. त्यात बोलणं उशिरा, जिना चढताना दोन्ही पाय एकाच पायरीवर, मोठा आवाज झाला की कान झाकून टेबलाखाली. म्हणजे नात्याचा प्रश्न आणि विकासाचा प्रश्न हातात हात घालून आलेले. अशा मुलांच्या बाबतीत बहुतेक वेळा असंच होतं आणि म्हणूनच थेरपी शोधणं अवघड जातं. प्रत्येक दारावर एकाच अर्ध्याची पाटी असते.

पहिली पायरी: वही

डॉक्टरांची वेळ घेण्याआधी दोनशे पानी वही आणा आणि तीन आठवडे लिहा. मूल पडलं, घाबरलं, आजारी झालं तेव्हा काय करतं? कुणाकडे जातं? अनोळखी घरात शिरल्यावर तुम्ही कुठे आहात हे बघतं का? कधी झोपतं, कितीदा उठतं, किती खातं, खाणं लपवतं का? किती शब्द बोलतं, आणि कुठल्या भाषेतले? मत लिहू नका, घडलेलं लिहा. 'हट्टी आहे' असं लिहून डॉक्टरांना काही कळत नाही. 'चप्पल घालायला सांगितलं, चाळीस मिनिटं जमिनीवर पडून ओरडला, जवळ गेले तर चावला' यातून कळतं. जमेल तेव्हा मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ घ्या. दवाखान्यात आमचं पोर हमखास देवासारखं वागायचं.

दुसरं काम कागदांचं. दत्तकाच्या वेळी मिळालेला बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल पुन्हा वाचा. तेव्हा आपण फोटोच बघत बसलेलो असतो. मग संस्थेच्या सोशल वर्करला फोन करा आणि अहवालात नसतं ते विचारा. किती दिवसांचं असताना आलं, वजन किती होतं, त्याआधी कुठे होतं? मध्ये संस्था बदलली का? कुणा एका मावशीचा लळा होता का? बसायला, चालायला कधी लागलं? आधी एखाद्या कुटुंबाकडे जाऊन परत आलं होतं का? हा शेवटचा प्रश्न विचारायला जीभ जड होते, तरी विचारा.

इथे एक भीती उघड बोलायला हवी. दत्तक नियमावली २०२२ नुसार घरी आल्यावर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाठपुराव्याची भेट होते. अडचण सांगितली तर मूल परत नेतील, या भीतीने अनेक पालक त्या भेटीत पोह्यांची बशी पुढे करून 'सगळं छान' म्हणतात. मीही दोनदा तसंच म्हटलं. वास्तविक मूल रुळत नसेल तर समुपदेशनाची सोय करणं हा त्याच पाठपुराव्याचा भाग आहे. तो हक्क आहे, मागून घ्या.

दुसरी पायरी: आधी कान

ही पायरी छोटी आहे, पण ओलांडू नका. बोलत नाही, हाकेला ओ देत नाही, असं मूल दिसलं की सगळे मनाच्या कारणांकडे धावतात. आधी कान तपासा. लहान मुलासाठी झोपेत होणारी बेरा चाचणी असते. सतत सर्दी असलेल्या मुलांच्या कानात पाणी साचून ऐकू कमी येतं आणि त्याला उपचार आहे. मग डोळे, रक्तातलं लोह, थायरॉइड. झोपेत घोरत असेल तर टॉन्सिल-अॅडिनॉइड. अहवालातली जन्मतारीख अंदाजाने टाकलेली असू शकते, हेही बालरोगतज्ज्ञांना सांगा. वय सहा महिने इकडे-तिकडे झालं की 'मागे आहे' या शब्दाचा अर्थच बदलतो.

'मुलगे उशिरा बोलतात, थांबा' असं सांगणारे बालरोगतज्ज्ञ भेटतील. त्यांना नम्रपणे सांगा, याची पहिली तीन वर्षं आमच्याकडे गेलेली नाहीत, त्यामुळे थांबायला आमच्याकडे वेळ नाही.

तिसरी पायरी: विकासाची तपासणी

बहुतेक जण इथे थेट पुण्या-मुंबईची गाडी पकडतात. त्याआधी आपल्या जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये जा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत आहेत, आणि त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी डीईआयसी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. पाटी मराठीत असते, पण केस पेपरच्या खिडकीवर 'डीईआयसी' असंच विचारा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येणारं तपासणी पथक याच कार्यक्रमाचं. त्यांची चिठ्ठी असेल तर उत्तम, नसेल तर बालरोग विभागाची चालते. एकाच छताखाली बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, स्पीच, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक असावेत अशी रचना आहे. प्रत्येक जिल्ह्यात सगळी पदं भरलेली असतीलच असं नाही. म्हणून आज कोण कोण आहे आणि कुठल्या वारी बसतं हे पहिल्याच फेरीत विचारून वहीत लिहा.

मुंबईकरांना पर्याय जास्त आहेत. वांद्र्याची अली यावर जंग संस्था वाचा आणि श्रवणासाठी, हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था हालचाल आणि ऑक्युपेशनल थेरपीसाठी. दोन्ही केंद्र सरकारच्या, त्यामुळे खर्च आवाक्यातला. 'उम्मीद' हे बालविकास केंद्र २००१ पासून मुंबईत काम करतं आणि तिथे कुटुंबालाही सोबत घेतात. ठाण्यात मानसिक आरोग्याचं काम करणारी आयपीएच ही संस्था आहे. मोठ्या केंद्रांत महिनोन्‌महिने थांबावं लागू शकतं, म्हणून आजच नाव नोंदवा आणि तोवर जिल्ह्यात सुरुवात करा. दोन्ही एकदम चालतं, कुणाला राग येत नाही.

तपासणीत ज्या चाचण्यांची नावं कानावर येतील त्यांतल्या काही आपल्या आसपासच घडल्या आहेत, हे मला कळलं तेव्हा उगाच धीर आला. अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीची डासी ही विकासाची चाचणी बडोद्याची. सामाजिक परिपक्वतेची वाइनलँड चाचणी आणि मिसिक ही बुद्धिमापन चाचणी भारतीय मुलांसाठी बसवली ती नागपूरच्या मालिन यांनी. बिने-कामत या बुद्धिमापन चाचणीतले कामत धारवाडचे. त्यांनी ती मराठी आणि कानडी मुलांवरच प्रमाणित केली. ऑटिझमसाठी, म्हणजे स्वमग्नतेसाठी, इसा नावाची भारतीय मोजपट्टी आहे.

पण आकड्याला देव मानू नका. दोन महिन्यांपूर्वी घरी आलेलं मूल, ज्याची भाषा बदलली, माणसं बदलली, खाणं बदललं, ते चाचणीच्या टेबलावर काय दाखवणार? आमच्या मुलाला 'सफरचंद दाखव' म्हटल्यावर त्याने काही दाखवलं नाही. संस्थेत त्याने सफरचंदाच्या फोडी खाल्ल्या होत्या, अख्खं सफरचंद कधी बघितलंच नव्हतं. 'किती काळ घरी आहे' हे अहवालात लिहायला सांगा आणि सहा ते बारा महिन्यांनी फेरतपासणी मागा.

आता निदानांबद्दल. रिअॅक्टिव्ह अटॅचमेंट डिसऑर्डर म्हणजे दुखलं-खुपलं तरी मूल कुणाकडेच सांत्वनाला जात नाही. डिसइनहिबिटेड सोशल एंगेजमेंट डिसऑर्डर म्हणजे सिलिंडरवाल्याबरोबर निघालेला आमचा मुलगा. दोन्हींसाठी सुरुवातीच्या काळात देखभालीची मोठी उणीव झालेली असावी लागते आणि मुलाचं विकासाचं वय निदान नऊ महिने असावं लागतं. पहिलं निदान फार विरळा. पुढचा गोंधळ असा की अशी मुलं वरून ऑटिस्टिक दिसू शकतात, एडीएचडीची, म्हणजे अतिचंचल आणि लक्ष न टिकणारी, दिसू शकतात आणि काहींना खरोखर तेही असतं. रुमानियातल्या अनाथालयांतून ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या मुलांचा ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी अभ्यास केला. त्यात काही मुलांमध्ये ऑटिझमसारखीच लक्षणं होती आणि घरात वाढताना त्यांतल्या काहींची सौम्य झाली. म्हणून घाईने शिक्का नको आणि शिक्का नाही म्हणून उपचार थांबवणंही नको. 'निदान काहीही ठरो, उद्यापासून घरी आम्ही काय करायचं?' हा प्रश्न विचारल्याशिवाय खोलीबाहेर पडू नका.

चौथी पायरी: कोण काय करतं

ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. अंगाचा तोल, हाताची पकड, आवाज-स्पर्श सहन होणं, स्वतःचं स्वतः जेवणं हे त्यांचं क्षेत्र. महाराष्ट्रात त्यांची नोंदणी राज्याच्या ओटीपीटी कौन्सिलकडे असते. स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे. त्यांचा सीआरआर नंबर, म्हणजे तिथला नोंदणी क्रमांक, विचारायला लाजू नका, संकेतस्थळावर पडताळता येतो. बालमानसोपचारतज्ज्ञ एमडी झालेले डॉक्टर असतात. औषध लागलं तर तेच देणार. अटॅचमेंटसाठी गोळी नसते, पण झोप किंवा अतिचंचलता इतकी असेल की बाकी काही शिरतच नाही, तर औषधाने वाट मोकळी होते. 'समुपदेशक' ही पाटी लावायला मात्र फारसं कुणी अडवत नाही. तिथे पदवी, मुलांसोबतचा अनुभव आणि दत्तक कुटुंबांसोबतचा अनुभव हे तिन्ही वेगवेगळे विचारा.

आणि आता माझं ठाम मत. पहिल्या वर्षी दोनपेक्षा जास्त थेरप्या सुरू करू नका. आम्ही चार केल्या. सोमवारी ओटी, मंगळवारी स्पीच, गुरुवारी विशेष शिक्षण, शनिवारी प्ले थेरपी. प्रत्येक ठिकाणी नवी ताई, आणि मधूनच ती नोकरी सोडून जाणार. एके दिवशी रिक्षात माझ्या लक्षात आलं, आपण संस्थेतल्या पाळ्याच पुन्हा लावल्यात. फक्त आता रिक्षाभाडं आपण देतो. अनेक हातांतून गेलेल्या मुलाला आणखी चार हात देणं हा उपचार होत नाही. सगळ्यात जास्त अडतं आहे ते एक आणि नात्याचं एक, एवढं पुरे.

पाचवी पायरी: माझी खुर्ची कुठे?

थेरपिस्ट निवडताना मी बाकी सगळ्याच्या आधी हे विचारते. सेशन चालू असताना मी कुठे बसायचं?

आमच्या पहिल्या केंद्रात मुलाला दारातून आत घ्यायचे आणि दार लावून घ्यायचे. "आई असली की तो काम करत नाही," असं सांगायचे. मी बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून भिंतीवरचे मिकी माउस मोजायची. त्याच्या वहीत छान छान शेरे यायचे. मणी ओवले, रंग ओळखले. तीन महिन्यांनी तो बाहेर आला की रिसेप्शनवरच्या ताईच्या मांडीत जाऊन बसायचा आणि मी 'चल' म्हटलं की ओरडायचा. कौशल्यं वाढत होती आणि मी त्याच्या आयुष्यातली ड्रायव्हर होत चालले होते. त्या ताईंची चूक नव्हती. मणी ओवण्यापुरतं त्यांचं म्हणणं खरंही होतं. पण आमचा आजार मण्यांचा नव्हताच.

अटॅचमेंटच्या कामात पेशंट एकटं मूल नसतं, मूल आणि त्याचा पालक ही जोडी असते. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ मेरी डोझिअर यांनी बसवलेली पद्धत दहा घरभेटींची आहे आणि तिचा सगळा रोख पालकाने मुलाच्या इशाऱ्याला कसा प्रतिसाद द्यायचा यावर आहे. काही पद्धतींत पालक आणि मुलाच्या खेळाचा व्हिडिओ काढून तो पालकालाच दाखवतात. थेरपिस्टचं बोट पडद्यावर. "इथे बघा, त्याने तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही फोनकडे पाहत होता." फार बोचतं, पण त्यानेच फरक पडतो. इंग्रजी नावांच्या पद्धतींत प्रशिक्षित माणूस तालुक्याला मिळणार नाही. मिळाला नाही तरी चालेल, मला खोलीत घेणारा मिळाला की झालं.

फोनवर हे विचारा. दत्तक किंवा संस्थेतून आलेल्या मुलांबरोबर काम केलं आहे का? पालक सेशनमध्ये असतात का, निदान शेवटची पंधरा मिनिटं? मूल ओरडलं, चावलं तर तुम्ही काय करता? घरी करायचा होम प्रोग्राम मराठीत लिहून देता का? थेरपिस्ट बदलणार असेल तर आधी सांगता का? तीन महिन्यांनी प्रगती कशी मोजणार? उत्तरं ऐकताना आवाजही ऐका. 'आमच्याकडे सगळी मुलं नीट होतात' म्हणणाऱ्यापेक्षा 'मला बघावं लागेल' म्हणणारी बरी.

आणि कुठून पळायचं तेही ऐका. मुलाला जबरदस्तीने धरून, दाबून, ते शरण येईपर्यंत रडू देणारी कुठलीही 'होल्डिंग' पद्धत अटॅचमेंटच्या नावाने कुणी सुचवली तर चप्पल घालायला थांबू नका. २००० साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोत दहा वर्षांच्या एका दत्तक मुलीला 'पुनर्जन्मा'च्या नावाखाली चादरीत गुंडाळून दाबलं आणि ती गुदमरून गेली. पुढच्याच वर्षी त्या राज्याने त्या प्रकारावर कायद्याने बंदी घातली. आपल्याकडे हेच 'कडक शिस्त' या साध्या नावाने भेटतं. अंधाऱ्या खोलीत ठेवा, जेवण बंद करा, संस्थेत परत पाठवायची भीती घाला. भूक आणि टाकलं जाणं, याच दोन जखमा घेऊन मूल आलेलं असतं. ऑटिझमसाठी स्टेम सेलचे लाखोंचे उपचार विकणारेही भेटतील. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीती मंडळाने २०२२ मध्येच ऑटिझमसाठी ते करू नयेत असं सांगितलं आहे. सहा महिन्यांचे पैसे एकदम भरून घेणाऱ्या पॅकेजपासूनही जपा.

जवळपास कुणीच नसेल तर

मग महिन्यातून एकदा जिल्ह्याला किंवा शहरात जा आणि मधल्या काळात व्हिडिओ कॉलवर पालकांचं मार्गदर्शन घ्या. चार वर्षांचं मूल स्क्रीनसमोर बसत नाही आणि बसवायचंही नाही. कॉल आपल्यासाठी, मुलासाठी आपण. अटॅचमेंटच्या कामाला हे खरं तर चांगलंच जमतं.

घरी करायच्या गोष्टी आपल्या आज्यांना ठाऊक होत्या. मांडीवर समोरासमोर बसवून टाळ्यांचे खेळ, काऊ-चिऊचा घास, डोक्यावर पांघरूण घेऊन 'कुठं गेलं बाळ', अंघोळीआधी कोमट तेलाचं मालिश. मोठ्या मुलाला स्पर्श नकोसा असू शकतो, म्हणून 'आज फक्त तळपायांना लावू का?' असं विचारून. साडेतीन वर्षांच्या मुलाला तान्ह्यासारखं खेळवायला लोक हसतात. हसू द्या, तो टप्पा त्याचा राहून गेलेला असतो. आमच्याकडे सर्वांत गुण आला तो पोळीच्या डब्याला. उशीखालच्या पोळ्यांवर रागवायचं सोडलं आणि त्याच्या हाताला लागेल अशा फळीवर त्याचा स्वतःचा डबा ठेवला, कधीही रिकामा न होणारा. उशीखालचे तुकडे पाच महिन्यांनी आपोआप थांबले.

आणि तुमचं काय? मूल घरी आल्यावर आईबाबांना उदास वाटणं, 'मला याच्याबद्दल काहीच वाटत नाही' असं रात्री दोन वाजता वाटून घाबरणं, हे होतं. बोलायला कुणी नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही.

घरातली माणसं आणि शाळा

सासूबाईंना निदानाचं नाव सांगून उपयोग झाला नाही. "आई, त्याला अजून कळलेलं नाही की आपण त्याचे. म्हणून सहा महिने भरवणं, अंघोळ, झोपवणं फक्त मी आणि हे करू. तुम्ही गोष्ट सांगा, पण तो रडला की माझ्याकडे पाठवा." हे त्यांना कळलं. थोडं लागलं, पण कळलं. पाहुण्यांनी आल्या आल्या उचलून घेऊ नये हेही त्यांनीच पुढे सगळ्यांना बजावलं, माझ्यापेक्षा जरबेने.

शाळेत दत्तकाची कहाणी सांगायची गरज नाही. वर्गशिक्षिकेला तीन वाक्यं लिहून द्या. मोठ्या आवाजाला घाबरतो. शिक्षा म्हणून वर्गाबाहेर उभं करू नका, तुमच्या टेबलाजवळ बसवा. सुटीच्या वेळी नक्की कोण न्यायला येणार हे त्याला रोज सकाळी सांगा. 'माझे कुटुंब' हा प्रकल्प कधी आहे ते आधी कळवायला सांगा, लहानपणीचे फोटो आणायला सांगतात त्याच्या आत. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयाला साजेशा वर्गात प्रवेश हा २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने दिलेला हक्क आहे. त्याला मागच्या वर्गात बसवायचं का, हे तुमच्याशी आणि थेरपिस्टशी बोलून ठरू द्या.

कागद आणि पैसे

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. अटॅचमेंटची अडचण त्यात नाव घेऊन नाही. ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, वाचा-भाषेची अक्षमता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालीला येणारी अडचण) आहेत. त्यांपैकी काही निघालं तर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्रासाठी, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के अक्षमता लागते. लहान मुलांना बऱ्याचदा मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं, म्हणजे 'जन्माचा शिक्का' ही भीती अर्धी फोल आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना बघा. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणी नाही आणि त्यात थेरपीचा खर्चही काही मर्यादेत बसतो. आयकराच्या जुन्या प्रणालीत दिव्यांग मुलासाठीची, ८०डीडी म्हणून ओळखली जाणारी वजावट ७५,००० रुपयांची आहे, तीव्र अक्षमतेला १,२५,०००. पावत्या पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये ठेवा.

खासगी थेरपीचं गणित मात्र आधी मांडा. आठवड्याला दोन सेशन्स, वर्षभर, वर प्रवास. परवडत नसेल तर तीन महिने ओढाताण करून बंद पडण्यापेक्षा महिन्यातून दोनदा, पण दोन वर्षं टिकेल असं ठरवा.

थेरपी लागू पडते आहे हे कशावरून?

गंमत म्हणजे सुरुवातीला मूल बिघडल्यासारखं वाटतं. आमचा 'गुणी' मुलगा सात महिन्यांनी मी बाथरूमला गेले तरी दार बडवायला लागला. मी रडकुंडीला आले, थेरपिस्ट ताई मात्र हसल्या. "आता तुम्ही गेलेल्या कळता त्याला." मग पडल्यावर धावत येणं, खेळता खेळता मान वळवून मी आहे का बघणं, आजारात फक्त मीच हवी असणं. या गोष्टी तारखेसकट वहीत लिहा, शेऱ्यांच्या कागदावर त्या येत नाहीत. उशीर झाला का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. रुमानियात २००० च्या सुमारास संस्थांमधल्या १३६ मुलांवर सुरू झालेल्या बुखारेस्ट प्रकल्पात, वयाच्या दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्या मुलांमध्ये फरक अधिक दिसला. त्यानंतर गेलेलीही सुधारली, हळू.

सहा महिन्यांत काहीच हललं नाही तर थेरपिस्टशी मोकळेपणी बोला, मग बदला. पण बदलताना एक करा, जे आम्ही पहिल्या केंद्राच्या वेळी केलं नाही. तिथे एक दिवस जाणं बंद केलं आणि मुलगा महिनाभर त्या गल्लीशी आलो की रिक्षातून वाकून बघायचा. आमच्या मुलांच्या आयुष्यातली माणसं आजवर अशीच, न सांगता, नाहीशी झालेली असतात. म्हणून शेवटची तारीख तीन-चार आठवडे आधी ठरवा. कॅलेंडरवर त्याच्याच हाताने गोल करून घ्या आणि दर सेशनला किती उरले ते मोजा. दुसऱ्या वेळी आम्ही ते केलं. शेवटच्या दिवशी तो ताईंसाठी डब्यात एक पोळी घेऊन गेला. त्यांच्या हातात दिली, दारापाशी आला आणि माझी ओढणी धरून रडला. रिक्षात बसल्यावरही रडत होता, माझ्या मांडीत तोंड खुपसून.